फजरला हिरवे, जोहरला स्वच्छ

उन्हाळ्यात गावतळ्यांचे पाणी खाली गेले की रत्नागिरी परिसरातून आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. फजरच्या वेळी तळ्यावर हिरवी साय असते आणि जोहरपर्यंत ती निम्मीअधिक नाहीशी होते, हे कसे? पाणी आपोआप साफ झाले असे समजून कोणी हंडा भरते, कोणी तिथेच वुजू करते. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

ही साय बहुधा निळ्या-हिरव्या शेवाळाची असते. नावाला शेवाळ, खरे तर हे जिवाणू, सायनोबॅक्टेरिया. यातल्या मायक्रोसिस्टिससारख्या जातींच्या पेशीत प्रथिनांच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या असतात. त्यांत वायू शिरतो, पाणी शिरत नाही, म्हणून पेशी तरंगते. १८९५ साली जर्मनीच्या क्लेबान यांनी हे मोठ्या गमतीने तपासले. शेवाळाच्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या बाटलीला बूच लावून त्यावर हातोडा मारला. दाबाने नळ्या चेपल्या आणि शेवाळ तळाला गेले!

मग हातोड्याशिवाय ते दुपारी बुडते कसे? उन्हामुळे. उजेडात पेशी साखर बनवते आणि साठवून ठेवते. हा साठा पाण्यापेक्षा जड. मिरकरवाड्याची होडी माल भरला की जशी खाली बसते, तशी पेशीही खाली जाते. रात्री अंधारात साठा खर्च होतो, पेशी हलकी होते आणि पहाटेपर्यंत वर येते. अॅनाबिना नावाच्या जातीत तर कडक उजेडात पेशीच्या आतला दाबच वाढून काही नळ्या चेपतात. पुंजका जेवढा मोठा, तेवढी ही ये-जा जलद. वारा पडलेला असला की हा खेळ स्पष्ट दिसतो.

तेव्हा दुपारचे पाणी साफ झालेले नसते. शेवाळ फक्त खालच्या मजल्यावर गेलेले असते. यातल्या काही जाती यकृताला अपाय करणारे विष तयार करतात. कोणती साय विषारी, हे डोळ्यांना कळत नाही. पाणी उकळून हे विष जात नाही. मोरचूद टाकणे तर त्याहून वाईट, कारण पेशी फुटून आतले सगळे विष एकदम पाण्यात उतरते. १८७८ साली ऑस्ट्रेलियात अलेक्झांड्रिना सरोवराची अशी साय वाऱ्याने काठाला लोटली गेली आणि तिथे पाणी प्यायलेली जनावरे मेली. आपल्या म्हशी-शेळ्याही काठावरच पितात.

घरी एक साधी परीक्षा होते. काचेच्या बरणीत तळ्याचे पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. हातमोजे घालायला विसरू नका. सकाळी हिरवा थर वर जमला तर संशय घ्यावा, तळाशी बसला तर ते बहुधा साधे शेवाळ. मात्र थर वर आला नाही म्हणून पाणी पिण्यालायक ठरत नाही.

साय दिसत असेल तोवर, आणि ती कुजून नाहीशी झाल्यावरही काही आठवडे, त्या पाण्याने कुल्ली करू नये, मुलांना पोहायला सोडू नये, जनावरे दुसरीकडे न्यावीत. मशिदीचा हौद उघडा असेल तर त्यावर छप्पर घालावे. उजेडच नसेल तर हे शेवाळ वाढणार कशावर?