मर्जीचा दाम

'तुम्हाला वाटेल तेवढे द्या' ही पद्धत कार्यशाळा, प्रायोगिक नाटकं, छोट्या मैफिली, ऑनलाइन अंक अशा ठिकाणी आता रुळू लागली आहे. पैशाअभावी कुणी दाराबाहेर राहू नये, ही तिच्यामागची भावना खरी आहे. पण तिचं जे सरसकट कौतुक चाललं आहे, त्याची मला काळजी वाटते. मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर सोडला की, ज्याचं पोट त्यावर आहे तो दुबळा होतो. महाराष्ट्राने हे शतकानुशतकं पाहिलं आहे.

खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, चांभार, न्हावी, महार आपापलं बलुतं घ्यायला येत. ती वर्षभराच्या कामाची मजुरी होती, तरी ती मिळवताना हात पसरावा लागे. वाटा रूढीने ठरलेला असला, तरी माप शेतकऱ्याच्या हातात असे. या व्यवस्थेला गावाचा जिव्हाळा म्हणणारे आजही भेटतात. तिच्या तळाशी राहिलेल्यांची साक्ष मात्र वेगळी आहे. मेलेली जनावरं ओढायचं महारांनी नाकारलं की गाव त्यांचं बलुतं बंद करी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या, म्हणजे गावकामाच्या वंशपरंपरागत हक्काच्या, कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं, ते या पार्श्वभूमीवर. बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरावी आणि ती सरकारमार्फत वसूल व्हावी, अशी तरतूद त्यात होती. मोबदला गावाच्या खुशीतून काढून नियमात बसवायचा, म्हणजे नकार देणाऱ्याची चूल विझणार नाही. ते विधेयक मंजूर झालं नाही. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं.

आज दानपेटीच्या जागी क्यूआर कोड आला आहे, एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. अमेरिकेतल्या एका करमणूक उद्यानात झालेला प्रयोग २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रोलरकोस्टरसारख्या खेळात बसलेल्यांचे फोटो एरवी १२.९५ डॉलरला विकले जात. दर ग्राहकांवर सोडला, तेव्हा फोटो घेणारे कितीतरी पटींनी वाढले, पण सरासरी रक्कम एका डॉलरच्याही खाली आली. अर्धे पैसे धर्मादाय संस्थेला जातील असं सांगितल्यावर हीच सरासरी पाच डॉलरच्या वर गेली; मात्र फोटो घेणारे जवळपास निम्मे झाले. कमी देऊन घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं, असं अनेकांना वाटलं असावं. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्यासाठी दार उघडं ठेवलं, तोच संकोचाने परत फिरू शकतो.

ही पद्धत टिकवणंही सोपं नाही. 'पनेरा' या अमेरिकी उपाहारगृह-साखळीच्या प्रतिष्ठानाने २०१० मध्ये सेंट लुइसजवळ ऐच्छिक दराचं पहिलं उपाहारगृह काढलं. पुढे आणखी काही निघाली. त्यांतलं शेवटचं, बोस्टनमधलं, २०१९ मध्ये बंद झालं.

मग हे जमतं कुठे? इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रात विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर होतं. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचेच पैसे घेत नाहीत. दान स्वीकारतात ते फक्त शिबिर पूर्ण केलेल्यांकडून, आणि तेही पुढे येणाऱ्यांसाठी. शिकवणाऱ्यांना त्यातला पैसा मिळत नाही. त्यांचा चरितार्थ वेगळा असतो. म्हणजे हे दान नियमांनी घट्ट बांधलेलं आहे, आणि साधकाने कमी दिलं म्हणून आचार्यांच्या घरी काही कमी पडत नाही. दानाला शोभेल अशी ही जागा आहे.

प्रायोगिक नाटकाचं तसं नाही. सभागृहाचं भाडं, प्रकाशयोजनेचं साहित्य, टेम्पोचं भाडं हे सगळं ठरलेल्या दराने चुकतं करावं लागतं. मर्जीवर राहतं ते नटाचं आणि पडद्यामागच्या मुलांचं मानधन. प्रयोग संपल्यावर टाळ्या भरपूर पडतात, पेटीत पन्नासाच्या नोटा पडतात, आणि रात्री हिशेबाला बसल्यावर 'या वेळी जरा सांभाळून घ्या' असं ऐकावं लागतं ते त्यांनाच. सरकारही हेच करतं. आशा सेविकांना सरकारी आरोग्य योजनेत स्वयंसेविका धरलं आहे. घरोघर फिरून त्या जे काम करतात त्याला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, आणि तो वाढावा म्हणून त्यांना पुन:पुन्हा आंदोलनाला बसावं लागतं.

गरिबाला सवलत द्यायची असेल, तर ती जाहीर दरात द्या: विद्यार्थ्यांना अर्धं तिकीट, काही खुर्च्या विनामूल्य, कुणालाही कारण न विचारता. पेटी ठेवायचीच असेल, तर तिच्याशेजारी प्रयोगाचा पूर्ण खर्च लिहून ठेवा आणि काम करणाऱ्यांचे पैसे पेटी उघडण्याआधी चुकते करा. ते जमत नसेल तर तिकीट लावा.