नेवाकाठचं शहर, वैनगंगेकाठचे वाचक

पावसाळ्यात वैनगंगा फुगली की अख्ख्या भंडाऱ्याचं लक्ष कारध्याच्या पुलाकडे लागतं. त्यामुळे सेंट पीटर्सबर्गवरचा हा अंक इथे परका वाटू नये. झार पीटरने १७०३ मध्ये नेवाच्या मुखाशी, दलदलीत हे शहर वसवलं. १८२४ च्या महापुराने ते बुडवलं आणि त्याच पुरावर पुश्किनने १८३३ मध्ये ‘ब्राँझचा घोडेस्वार’ हे काव्य लिहिलं.

इथल्या हर्मिटेज संग्रहालयाचा संग्रह १७६४ पासूनचा, सम्राज्ञी कॅथरीनने सुरू केलेला. पण या शहराची कला राजवाड्यापुरती कधीच नव्हती. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘चले जाव’च्या नेत्यांची धरपकड चालू होती. त्याच दिवशी वेढ्यात उपासमार सोसणाऱ्या लेनिनग्राडमध्ये, म्हणजे याच शहरात, संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजली. पुरेसे वादक उरले नव्हते, म्हणून सैन्यातून वादक मागवले. ध्वनिक्षेपकांनी ती शत्रूच्या खंदकांपर्यंत पोचवली. दुसऱ्या महायुद्धातल्याच स्टालिनग्राडच्या लढ्यावर आपल्या अण्णा भाऊ साठ्यांनी पोवाडा रचला. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊनही आले.

संग्रहालय उभारायला सत्ता आणि पैसा लागतो. कला टिकते ती मात्र प्रेक्षकांवर. धान घरात आलं की थंडीत रात्रभर नाटक पाहणाऱ्या आपल्या झाडीपट्टीला हे वेगळं पटवायला नको. हा अंक त्याच जाणत्या नजरेने वाचा आणि तुमचं मत परखडपणे कळवा.