बाळाच्या वजनाची रेघ आडवी झाली असेल तर...

घरात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतचं मूल असेल, तर आजच त्याचं माता-बाल संरक्षण कार्ड काढा आणि वजनाचा आलेख बघा. सात-आठ महिन्यांपर्यंत रेघ छान चढत गेली, मग रव्याची खीर, दुधात भिजवलेलं बिस्किट, वरणात कुस्करलेली पोळी सुरू झाली आणि पुढच्या काही महिन्यांत रेघ आडवी झाली किंवा खाली वळली, असं दिसलं तर कृपया वाट बघत बसू नका. ‘दात येताहेत’, ‘नजर लागली’, ‘ह्याचा बापही लहानपणी असाच होता’ ही उत्तरं बाजूला ठेवा. मुलाला गव्हामुळे बळावणारा सिलिअ‍ॅक हा आजार असू शकतो, आणि त्याचा शोध एका रक्ततपासणीपासून सुरू होतो.

असं मूल एकदा नीट पाहिलं की विसरता येत नाही. पोट फुगलेलं, पण हातपाय काडीसारखे. ढुंगणावरचं मांस झडून कातडी सैल लोंबणारी. शी फिकट, पातळ, ढीगभर, चिकट आणि उग्र वासाची, आणि हे दोन दिवसांचं पोट बिघडणं नव्हे, आठवडे उलटले तरी चाललेलं. भूक मेलेली. शिवाय किरकिर. काल-परवापर्यंत खुदखुदणारं पोर कडेवरून उतरायला तयार नसतं, खेळण्याकडे बघत नाही. मुलाचा स्वभाव बदललाय हे आईला सगळ्यात आधी कळतं आणि तिचं तेच म्हणणं सगळ्यात कमी ऐकलं जातं. ते ऐका. योग्य आहार सुरू झाल्यावर वजन वाढायच्याही आधी ही किरकिर थांबलेली अनेकदा दिसते.

चालायला लागलेल्या निरोगी बाळाचंही पोट थोडं पुढे असतं, आणि जुलाब जंतांनी, जिआर्डिया या परजीवीने, आतड्याच्या क्षयानेही होतात. म्हणून घरच्या घरी निदान करू नका, डॉक्टरांकडे जा. जुलाबांबरोबर मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा पायांवर सूज आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

काही मुलांना जुलाब होतच नाहीत. उलट बद्धकोष्ठ असतो, नाहीतर वरचेवर उलट्या. काहींना महिनोन्‌महिने लोहाचं औषध देऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही. काहींची फक्त उंची खुंटते आणि वर्गातल्या रांगेत ती कायम पहिली उभी असतात. तोंड पुन्हापुन्हा येणं, पक्क्या दातांवर खड्डे किंवा डाग दिसणं हेही याच आजाराचं लक्षण असू शकतं.

गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे या मुलांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्न शोषून घेणारे आतड्यातले बारीक उंचवटे सपाट होतात, आणि पोटभर जेवणारं मूलही उपाशी राहतं. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाचा गव्हावर आधीपासून संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, देश उपाशी होता, तरी ही आजारी मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. १९५० मध्ये त्यांनी हे प्रबंधात मांडलं. आपल्याकडे उत्तर भारतातल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला आहे. ‘तो तिकडच्या लोकांचा आजार’ हे समाधान आता पुरणारं नाही. ज्वारी-बाजरीच्या गावांतही रेशनचा गहू आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा कधीच पोचला आहे.

आता सगळ्यात कळकळीची विनंती. तपासणीआधी गहू बंद करू नका. शेजारीण सांगते, मोबाइलवर कुणी सांगतं, पोळी थांबते, मुलाला बरं वाटू लागतं, आणि नंतर केलेल्या तपासणीत काहीच सापडत नाही. निदान पक्कं नसलं की पथ्यही अर्धवट राहतं, आणि आतडं आतून झिजत राहतं. मूल गहू खात असतानाच डॉक्टरांना विचारा : ‘टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए करून घेऊ या का?’ दोन्ही हवेत, कारण ज्यांच्या रक्तात आयजीए हे प्रतिपिंड मुळातच कमी असतं त्यांची पहिली तपासणी फसवते. गरज पडली तर पोटाचे तज्ज्ञ दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा तपासायला घेतात. त्याला घाबरून मागे फिरू नका.

निदान झालं तर औषध एकच, आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य. आपल्या स्वयंपाकघराला हे अशक्य नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा सगळं चालतं. लपलेला गहू मात्र हुडकावा लागतो : डबीतल्या हिंगात, मेतकुटात, थालीपिठाच्या भाजणीत, सातूच्या पिठात. गव्हावर दळलेल्या ज्वारीत गहू उतरतोच, म्हणून शक्य असेल तर घरघंटी घ्या. आणि आजी, आत्या, मामी, तुम्हाला हात जोडून सांगते : ‘प्रसादाचा एवढासा शिरा, त्याने काय होतंय?’ असं म्हणू नका. एवढ्याशानेही होतं.

अंगणवाडी ताईंनो, खाऊ घालूनही वजन न धरणारं मूल तुमच्या यादीत असेल, तर त्याला गव्हाचा आणखी एक वाडगा देण्याआधी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना या आजाराची आठवण करून द्या. गावोगावच्या डॉक्टरांनो, लोहाची तिसरी बाटली लिहिण्याआधी ही तपासणी लिहा. मुलाला टाइप १ मधुमेह किंवा डाउन सिंड्रोम असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका. आणि घरातल्या एका मुलात आजार सापडला, तर त्याच्या भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करा, ती धडधाकट दिसत असली तरी. आज काही निघालं नाही म्हणून भावंडांची फाइल बंद करू नका. हा आजार पुढेही डोकं वर काढू शकतो, तेव्हा पुन्हा कधी तपासायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.