सौर विजेचा हिशेब मावळच्या पावसाशी जुळेना

विशेष प्रतिनिधी

लोणावळा : घाटमाथ्यावर कोसळणाऱ्या पावसापासून मुंबईला वीज मिळू लागली, त्यास शतक उलटून गेले. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी खाली उतरवून चालणारे टाटांचे खोपोली वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले. आता त्याच मावळातील घरांच्या छपरांवर वीज तयार करण्यासाठी केंद्र सरकार पैसे देत आहे. मात्र, तलाव भरणारा पाऊसच सौर विजेच्या आड येतो आणि या अडचणीची दखल सध्याच्या हिशेबपद्धतीत घेतलेली नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजने'साठी ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद असून, २०२६-२७ पर्यंत एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार, असे कमाल ७८ हजार रुपये अनुदान मिळते. प्रकल्प कार्यान्वित झाल्यानंतरच ही रक्कम खात्यात जमा होते. तोपर्यंतचा भार कुटुंबाने किंवा बँकेच्या कर्जाने उचलायचा असतो.

येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. जर्मनीने २००० च्या कायद्यान्वये सौर विजेच्या प्रत्येक युनिटला वीस वर्षे ठरावीक दर दिला. आपल्याकडे सरकार पैसे देते ते यंत्रणा उभारण्यासाठी, तेही एकदाच. त्यानंतरचा लाभ मिळतो तो 'नेट मीटरिंग'मधून. महावितरणच्या जाळ्यात गेलेले युनिट बिलातून वजा होतात आणि उरलेले पुढील महिन्यात ओढले जातात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.

राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांनुसार हे खाते आर्थिक वर्षाअखेर बंद होते. शिल्लक युनिट आयोगाने ठरवलेल्या दराने महावितरण विकत घेते आणि १ एप्रिलला पाटी पुन्हा कोरी होते. घरगुती ग्राहक मोजतो त्या दराच्या मानाने हा खरेदीदर बराच कमी असतो.

मावळची अडचण नेमकी येथेच आहे. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर ढग आणि धुके यांमुळे निर्मिती घटते. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत लख्ख उन्हात साठलेले युनिट पावसाळ्यात उपयोगी पडावेत, तर ते त्याआधीच स्वस्तात निकाली निघतात. हाती राहते ती केवळ एप्रिल-मेची शिल्लक. तीन किलोवॉटचा प्रकल्प महिन्याला सरासरी ३०० युनिट देतो, हे गणित देशाच्या सरासरीचे आहे; घाटमाथ्यावरील जुलैचे नव्हे.

लाभाची वाटणीही विषम आहे. स्वतःचे पक्के छप्पर असलेल्यास योजना सोयीची. नाणे, पवन आणि आंदर मावळातील कौलारू घरांना आधी छपराच्या मजबुतीचा विचार करावा लागतो. भाडेकरूला तर छप्परच नाही. तळेगावसारख्या ठिकाणच्या गृहसंकुलांना लिफ्ट, पंप अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या, व्यापारी दराच्या बंगल्यांना हे अनुदान नाही आणि ते योग्यच आहे. दारिद्र्यरेषेखालील तसेच महिना शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या ग्राहकांसाठी राज्याने २०२५ मध्ये जादा अनुदान मंजूर केले. मावळातील लहान घरांच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे ठरू शकते.

तेव्हा येथील ग्राहकाने केवळ ७८ हजारांच्या आकड्याकडे पाहून मोठा प्रकल्प बसवणे हिताचे नाही. बारा महिन्यांची बिले समोर ठेवून क्षमता ठरवणेच शहाणपणाचे. आयोगालाही एक सोपा उपाय करता येईल. हिशेबाचे वर्ष मार्चऐवजी सप्टेंबरअखेर संपवल्यास उन्हाची कमाई पावसाळ्यात कामी येईल. त्यासाठी सरकारी तिजोरीतून नवे अनुदान लागणार नाही. महावितरणला मात्र काही महागडे युनिट सोडून द्यावे लागतील. सौर छपरांना खरोखर उत्तेजन द्यायचे असेल, तर ही किंमत फार मोठी नाही.