तिसाव्या वर्षी नूरानी कायदा

जुम्याची नमाज संपली आणि शेजारच्या चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इतने बडे हो गए, अत्तहियात बी नै आती?" आवाज मोठा होता. पुढच्या सफेतले चार जण वळून पाहू लागले. मी तेव्हा २९ वर्षांचा होतो. पदवी झाली होती, नोकरी होती, अत्तहियात मात्र अर्धीच पाठ. त्यानंतर दोन महिने मी त्या मशिदीची पायरी चढलो नाही.

चाचांचा हेतू वाईट नसावा. राग आहे तो आपण सगळ्यांनी मिळून करून ठेवलेल्या व्यवस्थेचा. सात वर्षांच्या पोरासाठी आपल्याकडे मकतब आहे, नूरानी कायदा आहे, सिपारा संपला की मिठाईही आहे. हाफिज होणाऱ्यासाठी मदरसा आहे. चाळीस दिवस घराबाहेर राहू शकणाऱ्यासाठी जमात आहे. पण लहानपणी निसटलेला, आज शिफ्टमध्ये राबणारा, उर्दू वाचता न येणारा माणूस वुजू कुठे शिकणार? मोबाईलवर. आणि मोबाईलवरून तो भलतेसलते शिकून आला की आपण त्यालाच बोल लावतो.

वर 'सौ चूहे खाके बिल्ली हज को चली' हे आहेच. ही म्हण आपल्या घरांत इतक्या सहजपणे तोंडात येते की ती कोणावर उलटते याचा विचारच होत नाही. पहिली वही उतरली तेव्हा खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) ४० वर्षांचे होते. हजरत खदीजा, हजरत अबू बक्र, हजरत उमर (र.) हे सगळे मोठेपणीच शिकले. मदीनेच्या मशिदीत नमाज शिकणाऱ्यांत संसारी, दाढीमिशीवाले लोक भरपूर होते, आणि ते चुकतही होते. मुआविया बिन हकम (र.) यांचा किस्सा सहीह मुस्लिममध्ये आहे. नमाज चालू असताना कोणीतरी शिंकले, तर यांनी मोठ्याने दुआ दिली. लोक डोळे वटारू लागले, मांड्यांवर हात मारू लागले. नमाज झाल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना ना झिडकारले, ना सुनावले. नमाजमध्ये बोलायचे नसते, तिथे काय म्हणायचे असते, एवढे समजावून सांगितले. आपण मात्र आजही मांड्यांवर हात मारणाऱ्यांचीच सुन्नत चालवतो आहोत.

आणि लहान मुलांसोबत बसून शिकायची लाज वाटणाऱ्यांसाठी बुखारीत अम्र बिन सलमा (र.) आहेत. त्यांच्या कबिल्यात सर्वांत जास्त कुरआन पाठ असलेला तो सहा-सात वर्षांचा पोरगाच होता, म्हणून थोरामोठ्यांनी त्यालाच इमाम केले. सदरा इतका आखूड की सजद्यात अंग उघडे पडायचे. शेवटी लोकांनी कापड आणून नवा शिवून दिला. तोवर सगळी वडीलधारी मंडळी त्याच्या मागेच उभी होती!

नवख्याची अडचण आपल्याला कळतच नाही, कारण आपण ती कधी भोगलेली नसते. पुण्यात हनफी इमामामागे शिकलेला रत्नागिरीचा मुलगा सुट्टीत गावी जातो. फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूनंतर शाफई इमाम कुनूतसाठी हात उचलतो आणि हा बिचारा थेट सजद्यात. मागून कोणीतरी हसते. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, हे एका वाक्यात सांगता आले असते. कोणी सांगत नाही.

कजाचेही तेच. पहिल्याच आठवड्यात हिशेब मांडला जातो: १२ वर्षे, रोजच्या पाच, म्हणजे सुमारे २२,००० नमाजी बाकी. मसला मी नाकारत नाही, चारही मजहबांचे त्यावर म्हणणे आहे. पण ज्याची आजची मगरिब अजून पक्की नाही त्याच्या हातात आधी ही थकबाकी ठेवणे म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणे आहे.

आणि मुली? पुण्याच्या एका दांपत्याने २०१९ मध्ये महिलांच्या मशीद प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालय गाठले. जानेवारी २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने शपथपत्र दिले की महिलांना मशिदीत नमाजला मनाई नाही. कागदावर मनाई नाही, आणि जिन्याखाली एक चटईही नाही. पंचविशीतल्या मुलीने कोणाला विचारायचे, हा प्रश्न आपल्या ट्रस्टींच्या बैठकीत कधी निघतो का?

आपल्यालाही एक ऐकवायला हवे. परतून तीन महिने होत नाहीत तोच आपल्यातले काही जण अम्मीच्या वुजूत चुका काढू लागतात, दर्ग्यावर जाणाऱ्या मामूला व्हॉट्सअ‍ॅपवर फतवे पाठवतात. ज्या चाचांचा आपल्याला राग आला होता तेच आपण होतो, फक्त दाढी काळी असते. अडखळत कुरआन वाचणाऱ्याला दुप्पट सवाब असल्याची हदीस आपल्याला पाठ असते, पण फक्त स्वतःपुरती.

मागणी मोठी नाही. आठवड्यातून दोन रात्री, इशानंतर एक तास, १८ वर्षांवरच्यांसाठी, मराठीतून. वुजूपासून सुरुवात. बहिणींसाठी वेगळी वेळ आणि शिकवायला आलिमा. एसीचा चंदा चार जुम्यांत जमतो, एका उस्तादाचे मानधनही जमेल. जागेचा प्रश्न काढू नका. मकतबाची खोली इशानंतर रिकामीच असते आणि किल्ली मुअज्जिनसाहेबांकडे असते. मी विचारून आलो आहे.