‘मूळव्याध’ म्हणून मोकळे होणे

१९५०च्या सुमारास जन्मलेल्यांपेक्षा १९९०च्या सुमारास जन्मलेल्या अमेरिकनांना त्याच वयात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट, तर गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट आहे, असे २०१७ सालच्या संशोधनात आढळले. २०२५ साली संशोधकांना तरुण रुग्णांच्या गाठींत कोलिबॅक्टिन या जिवाणूजन्य विषाच्या खुणा वृद्धांपेक्षा अधिक सापडल्या.

कारणांचा हा शोध प्रयोगशाळेत चालेल. निदानाच्या विलंबात मात्र भाषेचाही वाटा असतो, असे आम्हांस वाटते. शौचावाटे रक्त गेले, की आपल्याकडे ‘मूळव्याध’ म्हणून मोकळे होतात. नाव मिळाले, की शंका मिटते. दलित कवितेने वर्ज्य शब्द अभ्यासक्रमात आणले. ते वर्गात निःसंकोच शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी डॉक्टरांपुढे ‘पोट बिघडले’ याच्या पलीकडचे वाक्य उच्चारायला हवे. वय तिशीचे असले तरीही.