फटफटणारा स्पीकर : आधी नोंद, मग खर्च



संगणक ही आता केवळ साहेबांच्या टेबलावरची वस्तू राहिलेली नाही. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली, पुढे एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी निघाले, आणि आपल्या लोहाऱ्यासारख्या ठिकाणी मजुरी करणाऱ्यांच्या घरातही जुना का होईना, संगणक आला. मुले त्यावर धडे ऐकतात, परीक्षेची तयारी करतात. अशा वेळी स्पीकरमधून 'फट्', 'तडतड', 'घूंऽऽ' असे आवाज सुरू झाले की घरात एकच बोलणे होते, "मदरबोर्ड गेला!" बोर्ड बदलायचा म्हणजे महिन्याच्या मजुरीतला मोठा वाटा गेला. पण पुष्कळदा बोर्ड धडधाकट असतो आणि दोष दुसरीकडेच असतो.

पूर्वी आवाजासाठी वेगळे साउंड कार्ड बसवावे लागे. इंटेल कंपनीने १९९७ साली एसी-९७ आणि २००४ साली एचडी ऑडिओ ही मानके आणली आणि आवाजाची चिप मदरबोर्डवरच बसवणे सर्रास झाले. खर्च वाचला, पण ही नाजूक चिप प्रोसेसर, पंखा, डिस्क यांच्या विजेच्या गोंगाटात येऊन बसली. भर बाजारात हळू बोलणाऱ्या माणसासारखी तिची गत झाली.

कारणावाचून कार्य घडत नाही. म्हणून आम्हा कारकुनांची सवय येथे कामी आणा. एक वही घ्या आणि आवाज केव्हा येतो, काय करताना येतो, हे दोन-तीन दिवस लिहून ठेवा. निम्मा तपास तेथेच होतो.

पहिली परीक्षा फुकटची आहे. स्पीकरची पिन संगणकातून काढून गोल पिन लागणाऱ्या मोबाईलला लावा. तरीही आवाज आला, तर दोष स्पीकरचा, त्याच्या वायरीचा किंवा विजेच्या लाईनचा. आवाजाचे बटण फिरवतानाच खरखर होत असेल, तर आत धूळ बसली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा बहुधा पुरतो. मोबाईलवर आवाज स्वच्छ आला, तर संगणकाकडे वळा.

धडा सुरू होताना किंवा थांबल्यावर काही सेकंदांनी एकच 'फट्' होत असेल, तर चिप वीज वाचवण्यासाठी झोपते व जागी होते, त्याचा तो आवाज. विंडोजमध्ये आवाजाचा ड्रायव्हर नवा करून पाहा आणि वीज-बचतीची सेटिंग बदला. लिनक्समध्ये चिपची 'पॉवर सेव्ह' शून्यावर आणतात. यात रुपयाही खर्च होत नाही.

धडा चालू असताना मधूनमधून तडतड होते? संगणकात आवाज सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० तुकड्यांनी वाजतो. प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतला आणि तुकडे वेळेवर पोचले नाहीत की खंड पडतो व 'तड्' ऐकू येते. जास्तीचे प्रोग्रॅम बंद करा. आवाजाच्या सेटिंगमधील 'एन्हान्समेंट' बंद करा. थोडा वेळ वायफाय बंद करून पाहा. तडतड थांबली, तर वायफायचा ड्रायव्हर बदलायचा, बोर्ड नव्हे.

माऊस हलवला की किरकिर होत असेल, तर पिन पुढच्या खोबणीतून काढून मागच्या हिरव्या खोबणीत घाला. पुढच्या खोबणीची वायर डब्याच्या आतून सगळ्या गोंगाटातून जाते. एवढ्यानेही भागले नाही, तर काही शे रुपयांत यूएसबीचे छोटे साउंड कार्ड मिळते. ते बाहेर लागते, म्हणून आतला गोंगाट त्याला कमी बाधतो.

फ्रिज, मिक्सर किंवा पाण्याची मोटर सुरू होताच 'फट्' होत असेल, तर विजेची लाईन आणि अर्थिंग तपासायला हवे.

राहिला तो सलग 'घूंऽऽ'. जयंतीच्या कार्यक्रमात लॅपटॉप अँप्लिफायरला जोडला की हा आवाज हमखास भेटतो. लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज थांबला, तर लॅपटॉप व अँप्लिफायर एकाच बोर्डावरून चालवा, किंवा दोहोंमध्ये 'ग्राउंड लूप आयसोलेटर' लावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. हा 'घूं' घालवण्यासाठी काही जण प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. आवाज थांबतो आणि सगळे खूश होतात. माता-भगिनींनो, ती पिन तुमच्या लेकरांच्या जिवाची राखणदार आहे. आत कोठे वायर सुटून पत्र्याला लागली, तर २३० व्होल्टचा करंट या पिनेच्या वाटेने जमिनीत जातो. ती वाट तोडली, तर करंट हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. आवाज सहन करा, पण ती पिन तोडू नका.

आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि कोरड्या मातीत अर्थिंग कमजोर पडते. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर परिसरात उभ्या राहिलेल्या ज्या घरांचे वायरिंग तेव्हापासूनचे आहे, त्यांनी ते जाणत्या वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात काही काळ घातक वीज साठून राहते.

एक साधी शिस्त मुलांनाही लावा. सुरू करताना आधी संगणक, मग स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर, मग संगणक. रोजचा 'धप्प' आवाज जाईल आणि स्पीकर जास्त टिकेल.

एवढे करूनही दुकानात जावे लागले, तर वही बरोबर न्या. "बोर्ड बदलावा लागेल" असे उत्तर मिळाले, तर नम्रपणे विचारा, "यूएसबीचे कार्ड लावून ऐकवता का?" त्यावर आवाज स्वच्छ आला, तर बोर्डाचे पैसे वाचले. ते पैसे मुलांच्या वह्या-पुस्तकांना लावा.